पीपीचा दाणा निवडताना : प्लास्टिकच्या धंद्यात नव्याने येणाऱ्यांसाठी

वसईत किंवा भोसरीत कुठल्याही दाणा (प्लास्टिकचा कच्चा माल) विक्रेत्याकडे जाऊन "पीपी द्या" म्हटलंत, तर तो लगेच पोतं पुढे करणार नाही. आधी विचारेल, "कशासाठी हवंय?" आइस्क्रीमचा डबा, बागेतली खुर्ची, कांद्याची जाळीदार गोणी, इंजेक्शनची सिरिंज, गाडीचा बंपर या सगळ्या वस्तू पॉलिप्रॉपिलीनच्याच, म्हणजे पीपीच्याच आहेत, पण एकीचा दाणा दुसरीला चालत नाही. नव्या माणसाचे पैसे जातात ते इथेच. पीपी म्हणजे एकच माल असं धरून तो नुसता भाव विचारतो, स्वस्तातला दाणा उचलतो आणि नंतर डबा तडकला किंवा झाकण बसेना की मशीनवर खापर फोडतो. दाणा घेण्याआधी "कशासाठी" या प्रश्नाचं पूर्ण उत्तर तुमच्याकडे तयार असावं, यासाठी हा लेख आहे. पायऱ्या ज्या क्रमानं काम चालतं त्याच क्रमानं दिल्या आहेत.

आधी थोडं मूळ

पॉलिप्रॉपिलीन बनतं प्रोपिलीन वायूपासून. हा वायू रिफायनरीत आणि नाफ्था क्रॅकरमध्ये इतर उत्पादनांबरोबर निघतो, किंवा प्रोपेनमधून हायड्रोजन काढून मुद्दाम तयार करतात. आपल्याकडे हाजिरा, जामनगर, पानिपत, भटिंडा, हल्दिया, मंगळूर इथल्या कारखान्यांतून पीपीचा दाणा येतो. रायगड जिल्ह्यात अलिबागजवळच्या उसरला 'गेल' या सरकारी कंपनीनं वर्षाला ५ लाख टन क्षमतेचा प्रोपेनवर आधारित पीपी प्रकल्प हाती घेतला.

प्रोपिलीनची साखळी जोडली की दर दुसऱ्या कार्बनला एक छोटा मिथिल गट लटकलेला राहतो. हे गट कसेही, कुठल्याही बाजूला असतील तर हाती येतो चिकट, मेणचट गोळा. सगळे एकाच बाजूला आले तर साखळ्या शेजारी शेजारी घट्ट बसतात, त्यांचे स्फटिक तयार होतात आणि कडक, उष्णता सोसणारं प्लास्टिक मिळतं. जर्मनीच्या कार्ल झिग्लर यांनी शोधलेल्या उत्प्रेरकांच्या मदतीनं मिलानमध्ये जुलिओ नाट्टा यांनी मार्च १९५४ मध्ये हे साधलं. १९५७ मध्ये इटलीतल्या फेरारा इथे कारखान्यातलं उत्पादन सुरू झालं आणि १९६३ चं रसायनशास्त्राचं नोबेल दोघांना मिळून देण्यात आलं.

हे स्फटिक लक्षात ठेवा. पीपी दुधट का दिसतं, थंड होताना इतकं का आकसतं, याचं कारण पुढे त्यांच्याशीच येऊन पोचतं.

पायरी १ : होमो, सीपी की रँडम?

बाजारात पीपीचे मुख्य प्रकार तीन.

होमोपॉलिमर म्हणजे निव्वळ प्रोपिलीनची साखळी. तिघांत सगळ्यात कडक आणि उष्णतेला सरस. साधारण १६० ते १६५ अंश सेल्सिअसला वितळतं. घरगुती डबे, झाकणं, सिरिंज, गोणीची पट्टी आणि फिल्म यांसाठी बहुतेक हेच लागतं. दोष एकच, पण मोठा : थंडीत ठिसूळ होतं.

इम्पॅक्ट कोपॉलिमरला धंद्यात सीपी किंवा पीपीसीपी म्हणतात. यात कडक पीपीच्या आत इथिलीन-प्रोपिलीन रबराचे बारीक कण पसरलेले असतात. धक्का बसला की हे कण तो पचवतात, तडा पुढे जाऊ देत नाहीत. गाडीच्या बॅटरीचा डबा, क्रेट, बादली, बंपर, आइस्क्रीमचा डबा ही याची कामं. सीपीचा तुकडा वाकवला की घडीवर पांढरी रेघ उमटते. ती खराब मालाची खूण नाही, त्या प्रकाराचा स्वभावच तो. मात्र ग्राहकाला ती रेघ खपणार नसेल तर ऑर्डर घेण्याआधीच सांगा.

रँडम कोपॉलिमरमध्ये इथिलीनचे थोडे अंश साखळीतच इकडेतिकडे गुंफलेले असतात. त्यामुळे स्फटिक नीट वाढत नाहीत, माल पारदर्शकतेकडे झुकतो आणि वितळण्याचा बिंदू १४० ते १५० अंशांच्या आसपास खाली येतो. आरपार दिसणारे डबे आणि गरम पाण्याचे पीपीआर पाइप याचेच.

पायरी २ : वस्तूला काय काय सोसायचंय ते लिहून काढा

हे काम कागदावर करा, डोक्यात नको. ग्राहक "मजबूत पाहिजे" एवढंच सांगतो. मजबूत कशासमोर, हे तुम्हाला त्याच्याकडून काढून घ्यायचं असतं.

उष्णता : उकळतं पाणी पीपी सहज सोसतं. १२१ अंशांच्या ऑटोक्लेव्हमध्येही (वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) रिकामी वस्तू टिकते, म्हणून दवाखान्यात आणि प्रयोगशाळेत त्याला मान आहे. मात्र वस्तूवर वजन असताना तापमान ९० ते १०० अंशांकडे गेलं की ती वाकायला लागते. डबा रिकामा असताना गरम होणार की भरून, एकावर एक रचून गरम होणार, हा प्रश्न म्हणूनच विचारायचा.

थंडी : होमोपॉलिमर शून्य अंशाच्या आसपास आपली लवचीकता घालवून बसतं. जूनमध्ये पुण्यात टेबलावरून पाडून तपासलेला डबा शीतगृहातून काढून पाडला की फुटतो. शीतगृह, मासळी, आइस्क्रीम यांतलं काहीही असेल तर सरळ सीपी घ्या आणि नमुना रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून मगच पाडून बघा.

ऊन : हा पीपीचा सगळ्यात दुबळा कोपरा. मिथिल गट जिथे जोडलेला असतो तिथला हायड्रोजन सैल असतो. अतिनील किरण आणि ऑक्सिजन मिळून तिथूनच साखळी तोडतात. आधी चमक जाते, मग पृष्ठभाग पांढुरका होऊन हाताला पावडर लागते, शेवटी वस्तू चिमटीत चुरगळते. शेतात उघड्यावर पडलेल्या जुन्या गोणीची पट्टी बोटांत धरून बघा, ही शेवटची अवस्था तिथे दिसेल. उपाय आहे : यूव्ही स्टॅबिलायझर (अतिनील किरणांपासून वाचवणारं द्रव्य) मिसळलेला दाणा किंवा मास्टरबॅच (रंग किंवा असं द्रव्य दाट मिसळलेला दाणा) घ्यायचा, आणि काळा रंग चालत असेल तर चांगल्या प्रतीचा कार्बन ब्लॅक. विक्रेत्याला "यूव्ही आहे का?" असं विचारू नका. किती टक्के टाकायचं आणि उघड्यावर किती महिने धरायचे, ते विचारा.

रसायनं : इथे पीपी फार भरवशाचं आहे. पातळ ॲसिड, अल्कली, मीठ, साबण यांचा त्यावर परिणाम होत नाही. प्लेटिंगच्या शेडमधल्या टाक्या पीपीच्या शीटपासून गरम हवेनं वेल्ड करून बनवतात, आणि गाडीची बॅटरी आतलं सल्फ्युरिक ॲसिड वर्षानुवर्षं सांभाळते, ते याच गुणावर. पण तीव्र नायट्रिक ॲसिड त्याला खातं, आणि पेट्रोल, रॉकेल, टोल्युइन यांसारख्या द्रवांत ते फुगतं. तांब्याला सतत चिकटून राहणारा भाग असेल तर वेगळा दाणा मागा, कारण तांब्याच्या सान्निध्यात, विशेषतः उष्णतेत, पीपी लवकर खराब होतं.

सततचं वजन : पीपी एकदम तुटत नाही, पण दिवसेंदिवस वाकत जातं. दोन टोकांवर टेकवलेल्या फळीवर महिनोन्महिने सामान ठेवायचं असेल तर खालून रिब (आधाराची उभी पट्टी) द्या किंवा काचेचे तंतू भरलेला दाणा घ्या.

अन्न आणि औषध : खाद्यपदार्थ, औषधं आणि पिण्याच्या पाण्याच्या संपर्कात येणाऱ्या पीपीसाठी आयएस १०९१० हे भारतीय मानक आहे, तर रंगद्रव्यांसाठी आयएस ९८३३. दाणा पहिल्या मानकात बसतो आणि मास्टरबॅच दुसऱ्यात, अशी दोन वेगळी पत्रं मागून घ्या. पुष्कळ जण दाण्याचं पत्र घेतात आणि रंगाचं विसरतात.

पायरी ३ : एमएफआय वाचायला शिका

प्रकार ठरला की पुढचा आकडा एमएफआय, म्हणजे मेल्ट फ्लो इंडेक्स. वितळलेला दाणा किती सहज वाहतो, ते हा आकडा सांगतो. पीपीसाठी चाचणी २३० अंशांवर, २.१६ किलो वजनाखाली होते आणि १० मिनिटांत छोट्या भोकातून किती ग्रॅम माल बाहेर आला ते मोजतात. पॉलिथिलीनची चाचणी १९० अंशांवर होते, म्हणून एचडीचा (कडक पॉलिथिलीनचा) एमएफआय आणि पीपीचा एमएफआय शेजारी ठेवून तुलना करू नका.

प्रयोगशाळेत हे कसं चालतं ते एकदा उभं राहून बघाच. उभ्या नळीत दाणे टाकतात, काही मिनिटं तापू देतात, मग दांड्यावर वजन ठेवतात. खालून शेवयांसारखी धार येते. ती ठरावीक सेकंदांनी पात्यानं कापायची. समजा दर ३० सेकंदांनी कापलेले तुकडे सरासरी ०.५५ ग्रॅम भरले. १० मिनिटांत असे २० तुकडे, म्हणजे एमएफआय ११. बुडबुडे आलेला तुकडा धरायचा नाही.

आता या आकड्याचा अर्थ. कमी एमएफआय म्हणजे लांब साखळ्या : माल चिवट, पण घट्ट वाहतो. जास्त एमएफआय म्हणजे आखूड साखळ्या : पातळ भिंतीच्या साच्यात भरकन पोचतो, पण धक्क्याला नाजूक. पीपीआर पाइपचा दाणा ०.३ च्या आसपास असतो. गोणीची पट्टी आणि पॅकिंगची फिल्म ३ च्या आसपास. साधं इंजेक्शन मोल्डिंग (वितळलेला माल दाबानं साच्यात भरणं) १० ते १२. नॉनवोव्हन (न विणलेल्या) कापडाचा धागा ३५ च्या आसपास. पातळ भिंतीचे डबे त्याहूनही वर जातात. मास्कच्या मधल्या थरासाठी लागणारं मेल्टब्लोन पीपी हजाराच्या पुढे असतं. २०२० मध्ये मास्कची मागणी अचानक वाढली तेव्हा पीपी बाजारात होतं, पण त्या मधल्या थराचा दाणा आणि तो काढणारी यंत्रं मोजकीच होती.

पोत्यावरचं नाव वाचलंत तर निम्मी माहिती तिथेच मिळते. रिलायन्सच्या रिपॉल दाण्यात एच११०एमए हे नाव सतत कानावर पडेल. एच म्हणजे होमोपॉलिमर आणि ११० म्हणजे एमएफआय ११. एच०३०एसजी म्हणजे होमो, एमएफआय ३, गोणीच्या पट्टीचा दाणा. बी१२०एमए म्हणजे इम्पॅक्ट कोपॉलिमर, एमएफआय १२. दुसऱ्या कंपन्यांची नावं पाडायची पद्धत वेगळी असते, तेव्हा त्यांची डेटाशीट घ्या.

साचा भरत नाही म्हणून थेट दुप्पट एमएफआयचा दाणा आणू नका. आधी गेट (माल साच्यात शिरतो ते तोंड), व्हेंट (हवा बाहेर जायची फट) आणि तापमान बघा. मोठ्या एमएफआयनं त्या दिवसाचं उत्पादन निघतं, पण वस्तू ग्राहकाच्या हातात गेल्यावर कोपऱ्यातून तडकते.

पायरी ४ : फिलरचा हिशेब किलोवर नको, नगावर करा

शुद्ध पीपीची घनता ०.९०५ च्या आसपास, रोजच्या वापरातल्या प्लास्टिकांत अगदी तळाची. त्याचा फायदा थेट खिशात येतो. एबीएस या दुसऱ्या कडक प्लास्टिकची घनता १.०५ धरली तर त्याच साच्यातून एबीएसचा १०० ग्रॅमचा नग पीपीत साधारण ८६ ग्रॅमला निघतो.

खुर्च्या, डॅशबोर्ड, वॉशिंग मशीनचे भाग यांत टाल्क किंवा कॅल्शियम कार्बोनेट घालतात. टाल्कनं कडकपणा वाढतो, आकसणं कमी होतं, उष्णतेत आकार टिकतो. कामाची गरज असेल तेव्हा ही फार चांगली गोष्ट आहे. पण "किलोला स्वस्त पडतं" म्हणून भरलेला दाणा घेणाऱ्यांनी आकडेमोड करावी. २० टक्के टाल्क टाकल्यावर घनता १.०४ ते १.०५ होते. साचा तोच, पोकळी तीच, म्हणून नग सुमारे १५ टक्क्यांनी जड होतो. भरलेल्या दाण्याचा भाव शुद्ध दाण्यापेक्षा निदान १३ ते १४ टक्के कमी असेल तरच तुम्ही बरोबरीत येता. वर मशीनचे स्क्रू आणि बॅरल (दाणा वितळवणारी नळी) झिजतात ते वेगळं. कोटेशनच्या वहीत भावाशेजारी घनतेचा रकाना आखा, म्हणजे ही चूक होणारच नाही.

पायरी ५ : साचा पीपीसाठीच बनलाय का?

वितळलेला माल गोठताना साखळ्या स्फटिकात घट्ट बसतात आणि जागा कमी घेतात. म्हणून पीपी १ ते २.५ टक्के आकसतं, बऱ्याचदा दीड टक्क्याच्या आसपास. एबीएस अर्ध्या टक्क्याच्या आसपासच आकसतं. एबीएससाठी कापलेल्या साच्यात पीपी मारलं तर १०० मिलिमीटरचा भाग जवळजवळ १ मिलिमीटरनं लहान येतो. डबा एका साच्यातून आणि झाकण दुसऱ्यातून काढत असाल तर तेवढ्यानं सगळी ऑर्डर परत येते. जुना साचा स्वस्तात मिळतोय म्हणून घेताना तो कुठल्या प्लास्टिकसाठी कापलाय हे पहिलं विचारा.

आणखी एक, आकसणं साच्याबाहेरही चालू राहतं. गरम नगाला कॅलिपर लावून माप पास करू नका. २४ तास थांबा, मग मोजा.

भिंत एकसारख्या जाडीची ठेवा. रिबची जाडी भिंतीच्या ५० ते ६० टक्क्यांत ठेवली नाही तर समोरच्या बाजूला खड्डा दिसतो. रंगीत चकचकीत मालावर तो जास्तच डोळ्यात भरतो.

आता पीपीचा जो गुण मला सगळ्यात जास्त आवडतो त्याबद्दल : बिजागरी. शाम्पूच्या बाटलीचं उघडमीट करणारं झाकण बघा. टोपी आणि झाकण यांना जोडणारी पातळ पट्टी वेगळी बसवलेली नसते, त्याच शॉटमध्ये येते. जाडी साधारण पाव ते अर्धा मिलिमीटर. अशी घडी दुसऱ्या कुठल्याही स्वस्त प्लास्टिकमध्ये इतकी टिकत नाही. पीपीत ती लाखो वेळा उघडमीट सोसते. पण त्यासाठी तीन गोष्टी जमायला हव्यात. गेट अशा ठिकाणी द्यायचा की माल बिजागरीला आडवा, एका दमात पार करून जाईल. माल दोन्ही बाजूंनी येऊन बिजागरीवरच भेटला तर तिथे वेल्ड लाइन (कच्चा सांधा) पडते आणि आठवडाभरात झाकण हातात येतं. बिजागरीला धारदार कोपरा नको, गोलाई हवी. आणि तिसरी गोष्ट, जी नवीन पोरं घाईत सोडून देतात : नग साच्यातून निघाला की गरम असतानाच झाकण दोनतीनदा पूर्ण मिटायचं. पहिल्या घडीत साखळ्या ताणल्या जाऊन घडीच्या आडव्या दिशेनं ओळीत बसतात, आणि पुढची सगळी ताकद त्या ओळीची असते. थंड झालेल्या झाकणाची पहिली घडी ग्राहकाच्या हातून पडली तर हे नीट होत नाही.

पायरी ६ : मशीनवर

पीपी पाणी शोषत नाही. नायलॉन किंवा पॉलिकार्बोनेटसारखं तासन्‌तास सुकवावं लागत नाही. पावसाळ्यात पोती भिजली असतील किंवा टाल्क भरलेला दाणा असेल तर वरवरचा ओलावा काढायला ८० अंशांवर तासभर हॉपर ड्रायर पुरे.

सुरुवातीला बॅरलचं तापमान मागे १९० आणि पुढे नोझलपर्यंत चढत २२० असं ठेवून बघा, मग साच्याप्रमाणे कमीजास्त करा. पातळ नगाला २३०–२४० लागतात. साच्याचं पाणी २० ते ५० अंशांत. थंड साचा म्हणजे लवकर सायकल, पण चमक कमी आणि आतले ताण जास्त. कोमट साचा म्हणजे चांगला पृष्ठभाग, पण आकसणं जास्त. सायकलमधला सगळ्यात मोठा वाटा थंड होण्याचा असतो, त्यामुळे सेकंद वाचवायचे तर कूलिंगच्या नळ्या स्वच्छ आहेत का ते आधी बघा.

कोकणपट्टीत, वसई-पालघरकडे पावसाळ्यात एक खास अडचण येते. चिलरचं पाणी फार थंड ठेवलं तर साच्याला घाम सुटतो आणि नगावर पाण्याचे डाग उठतात. जून ते सप्टेंबर पाणी काही अंशांनी गरम ठेवा.

खड्डे पडत असतील तर तापमान वाढवू नका. होल्डिंगचा (साचा भरल्यावर धरून ठेवायचा) दाब आणि वेळ वाढवा, आणि गेट लवकर गोठतोय का ते तपासा. कडेला फ्लॅश (जादा मालाचा पातळ पापुद्रा) येत असेल तर क्लॅम्प आणि साच्याची बैठक बघा. पीपी पातळ वाहतं, जरा फट मिळाली की बाहेर येतं. गोल झाकण ताटलीसारखं वाकत असेल तर बहुतेक वेळा साच्याच्या दोन बाजूंचं तापमान सारखं नसतं. दोन्हीकडच्या पाण्याला हात लावून बघा, फरक लगेच कळतो.

पीपी सहज पेट घेतं आणि जळताना थेंब थेंब गळतं. पर्ज केलेला (बॅरल साफ करताना बाहेर काढलेला) गरम गोळा तसाच कोपऱ्यात टाकू नका, आधी पाण्यात बुडवा. दाण्याची पोती पॅनेलपासून आणि वेल्डिंगच्या कामापासून दूर ठेवा.

छपाई किंवा स्टिकर असेल तर आणखी एक टप्पा वाढतो. पीपीच्या पृष्ठभागाला शाई आणि गोंद धरत नाहीत. आधी ज्योत फिरवावी लागते किंवा विजेच्या झोताची कोरोना ट्रीटमेंट द्यावी लागते. झालीय की नाही हे बघायला नगावर पाणी टाका : थेंब गोळा होऊन पळत असेल तर झालेली नाही, पसरून राहत असेल तर छापा. ट्रीटमेंटचा परिणाम दिवसागणिक उतरतो, म्हणून छपाई लांबवू नका.

साच्याबाहेरचं पीपी

इंजेक्शन मोल्डिंग म्हणजेच पीपी असं नव्याला वाटतं. प्रत्यक्षात गोण्यांत आणि फिल्ममध्ये प्रचंड माल जातो. गोणीसाठी आधी फिल्म काढतात, पात्यांनी तिच्या अरुंद पट्ट्या करतात आणि त्या गरम ओव्हनमधून पाच-सहा पट ताणतात. ताणल्यानं साखळ्या लांबीच्या दिशेनं ओळीत येतात, म्हणून ती कागदासारखी पातळ पट्टी हातानं तुटत नाही. मग गोल मागावर विणकाम. पट्टी किती जाड, हे डेनियरमध्ये सांगतात : ९००० मीटर पट्टीचं ग्रॅममधलं वजन. सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीसाठी आयएस ११६५२ हे मानक बघा. लासलगाव-पिंपळगावला कांदा ज्या जाळीदार लाल गोण्यांत भरतात त्या लेनो बॅगाही पीपीच्याच. हवा खेळते म्हणून कांदा घामेजत नाही. पण त्या उन्हात किती दिवस राहणार हे विचारल्याशिवाय यूव्हीशिवायचा माल विकू नका, नुकसान शेतकऱ्याचं होतं.

दोन्ही दिशांना ताणलेली फिल्म म्हणजे बीओपीपी. वेफर्सची पाकिटं आणि खोके बंद करायची चिकटपट्टी याचीच. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज आणि शेंद्रा एमआयडीसीत ती बनते.

नॉनवोव्हन पिशवीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. ती कापडासारखी दिसते, शिवलेली असते, म्हणून दुकानदार ती कापडी म्हणून देतात. ती पीपीची आहे, म्हणजे प्लास्टिक आहे. महाराष्ट्राच्या मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीत तिचं नाव घेऊन उल्लेख होता. केंद्राच्या नियमांनुसार ३० सप्टेंबर २०२१ पासून ती प्रति चौरस मीटर ६० ग्रॅमपेक्षा हलकी असता कामा नये. या धंद्यात उतरणार असाल तर राज्याचा त्या वेळी लागू असलेला आदेश स्वतः वाचा, मशीन विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका.

पायरी ७ : हातात आलेला तुकडा पीपीच आहे का?

पहिली परीक्षा पाण्याची. पीपी तरंगतं. एचडी आणि एलडी (मऊ पॉलिथिलीन) हीही तरंगतात, एबीएस, पीव्हीसी, नायलॉन बुडतात. पण साधारण १५ टक्क्यांहून जास्त फिलर भरलेलं पीपीही बुडतं, तेव्हा बुडालं म्हणजे पीपी नाही असा निकाल देऊ नका.

दुसरी नखाची. एचडी मेणचट लागतं आणि त्यावर नखाचा ओरखडा उठतो. पीपी जास्त टणक आणि चकचकीत.

तिसरी तव्याची, आणि ही सगळ्यात भरवशाची. तापमान दाखवणारी हॉट प्लेट १४० अंशांवर ठेवा. एचडी १३० च्या आसपासच वितळून पसरतं, होमो आणि सीपी तसेच उभे राहतात. रँडम मात्र मऊ पडू शकतं.

शेवटची ज्योतीची. नखाएवढाच तुकडा, चिमट्यात धरून, उघड्या हवेत. पीपीची ज्योत खाली निळी, वर पिवळी, धूर कमी, थेंब गळतात आणि विझवल्यावर मेणबत्तीसारखा वास येतो. काळी काजळी आली तर ते एबीएस किंवा पॉलिस्टायरीन असण्याची शक्यता. झणझणीत वास आला तर पीव्हीसी असू शकतं, लगेच दूर व्हा, तो वायू ॲसिडचा असतो. नाक जवळ नेऊन हुंगू नका.

पायरी ८ : रिप्रो (जुनं प्लास्टिक पुन्हा वितळवून केलेला दाणा) घेताना

त्रिकोणातला ५ हा आकडा पीपीचा. रनर (साच्याच्या वाटेत गोठलेला माल) आणि नापास नग दळून पुन्हा वापरणं योग्यच आहे, मी त्याच्या बाजूचा आहे. फक्त लक्षात घ्या की प्रत्येक वेळी वितळताना पीपीच्या साखळ्या तुटतात आणि एमएफआय वाढत जातो. बादलीसारख्या साध्या मालात स्वतःचं स्वच्छ ग्राइंडिंग १०–२० टक्के घाला, प्रमाण रोज तेच ठेवा. बिजागरीच्या झाकणात आणि खाद्यपदार्थांच्या डब्यात बाहेरचा रिप्रो घालू नका.

बाहेरून घेताना ते कशाचं आहे हे विचारा. धारावीसारख्या ठिकाणी हातानं वर्गवारी करणारी माणसं वासानं आणि आवाजानं पीपी-एचडी वेगळं करतात, आणि त्यांची नजर फार पक्की असते. तरी एचडी मिसळलं गेलं की नग पापुद्रे सुटल्यासारखा सोलतो, म्हणून एक नग मोडून कड बघा.

काळा रिप्रो बॅटरीच्या डब्यांचा असू शकतो. त्यात शिशाचे अंश राहण्याचा धोका असतो. खेळणी, खुर्च्या, स्वयंपाकघरातल्या वस्तू यांत तो जाता कामा नये. कितीही स्वस्त मिळाला तरी नाही. मूळ माहीत नसलेला काळा दाणा अशा कामाला घेऊच नका.

पायरी ९ : लॉट सांभाळा

चाचणीची सोय स्वतःकडे नसेल तर छत्रपती संभाजीनगरला सिपेट या केंद्र सरकारच्या प्लास्टिक संस्थेचं केंद्र आहे. तिथे चाचण्या होतात आणि मशीन चालवण्याचं प्रशिक्षणही मिळतं. पहिली मोठी ऑर्डर घेण्याआधी एखादा अभ्यासक्रम करून आलात तर साच्यावर घालवलेले पैसे वाया जाणार नाहीत.

दाणा २५ किलोच्या पोत्यांत येतो. प्रत्येक लॉटचं चाचणीपत्र मागा. त्यात एमएफआय लिहिलेला असतो, तो मागच्या लॉटशी ताडून बघा. प्रत्येक लॉटमधला किलोभर दाणा पिशवीत भरून, लॉट नंबर आणि तारीख लिहून कपाटात ठेवा, सावलीत. सहा महिन्यांनी ग्राहकानं तडकलेला डबा आणून दाखवला, तर चूक दाण्याची, साच्याची की सेटिंगची, हे शोधायला तोच दाणा हाताशी लागेल. गाडी आली की आधी पोत्यांवरचे लॉट नंबर चलनाशी जुळवा, दोन लॉट मिसळून आले असतील तर वेगळे रचा, मगच पहिलं पोतं फोडा.